रेशनचं धान्य: खैरात की हक्क?

रेशन दुकानावर धान्याची गाडी खाली झाली की आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास कानावर येते: "फुकट का अनाज है, जितना दिये उतना लेलो." किलोभर कमी मिळाले तरी हेच, पावती दिली नाही तरी हेच. घरात सात माणसे आणि कार्डावर चारच नावे असली तरीही हेच. बोलणाऱ्यांचा दोष नाही. फुकटच्या वस्तूत खोट काढू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते.

प्रश्न असा की हे धान्य खरोखर कुणी उपकार म्हणून देते का? याचे उत्तर प्रत्येक घराने नीट समजून घ्यायला हवे, कारण आपण काय मागू शकतो आणि नाही मिळाले तर कुठे जाऊ शकतो, हे त्यावरच ठरते.

तीन शब्द, तीन अर्थ

खैरात, योजना आणि हक्क हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो.

खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दिली तर शुक्रिया, नाही दिली तर तक्रार नाही.

योजना सरकार चालवते. एका शासन निर्णयाने ती सुरू होते आणि दुसऱ्या शासन निर्णयाने बदलते किंवा बंद पडते. चालू आहे तोवर लाभ घ्यायचा. बंद झाली तर निवेदने देता येतात, मोर्चा काढता येतो, पण दाद मागण्याची जागा फारशी उरत नाही.

हक्क कायद्यात लिहिलेला असतो. तो किती, कुणाला आणि नाही मिळाला तर कुणाकडे जायचे, हे सारे त्यात ठरलेले असते.

आपल्या घरांना हा फरक अवघड वाटू नये. सदका आणि जकात यांतला फरक आपण मुलांना शिकवतोच. सदका मनावर आहे, जकात मात्र ठरलेली आहे. जकात देणारा गरिबावर उपकार करत नाही, गरिबाचा वाटा त्याला पोचता करतो. फित्र्याचे मापसुद्धा ठरलेले असते. हीच नजर रेशनच्या पिशवीकडे बघताना ठेवली तर बरेच काही स्पष्ट होते.

1972 ते 2013

आपल्या जिल्ह्यातल्या वयस्कर माणसांना 1972 चा दुष्काळ विचारून बघा. तेव्हा लातूरही उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, ते 1982 मध्ये वेगळे झाले. विहिरी आटल्या, ज्वारी पिकली नाही आणि माणसे खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. त्या धान्याने जीव वाचले, पण ती मदत होती. आली म्हणून मिळाली.

त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट केली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. योजनेचा हक्क कसा होतो, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे.

अन्नाच्या बाबतीत हे घडायला आणखी बरीच वर्षे लागली. 2001 मध्ये सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती आणि राजस्थानात दुष्काळाने माणसे उपाशी होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. संविधानाचे 21 वे कलम जगण्याचा हक्क देते, मग अन्नावाचून जगणे कसले, असा तिचा युक्तिवाद होता. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने रेशन, अंगणवाडी, शाळेतले जेवण अशा योजनांचे लाभ हे लोकांचे हक्क मानले आणि शाळेत शिजवलेले अन्न द्या, असा आदेश दिला. त्याआधी आपल्या शाळांतून मुलांना महिन्याला 3 किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळायचा. शाळेत खिचडी शिजू लागली ती या आदेशानंतर.

पुढे 2013 मध्ये संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला.

कायदा काय देतो?

प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा 5 किलो धान्य. अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असोत, दर कुटुंबाला 35 किलो. कायद्याने ठरवलेला दर किलोमागे तांदळाला 3 रुपये, गव्हाला 2 रुपये आणि ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्याला 1 रुपया असा होता. जानेवारी 2023 पासून केंद्र सरकारने हे धान्य मोफत केले आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षे मोफत ठेवायचे ठरवले. म्हणजे 5 किलो हा आपला हक्क आहे आणि त्याचे पैसे न घेणे हा सरकारचा निर्णय आहे. उद्या हा निर्णय बदलला तरी 5 किलोचा हक्क जागेवरच राहतो.

गरोदर आणि स्तनदा मातेला, बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, अंगणवाडीतून आहार. तिला किमान 6 हजार रुपयांचे मातृत्व साहाय्य. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीतून आहार. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण. हे जेवण मूठभर भात देऊन संपत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे माप कायद्याच्या परिशिष्टात दिले आहे. शाळा उर्दू माध्यमाची असो की मराठी, माप एकच.

बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे 13 वे कलम आहे. पात्र कुटुंबातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. दादी असेल तर दादी, नसेल तर अम्मी. नवरा परगावी असला, घरात भांडण झाले किंवा कुणाचा इंतकाल झाला, तरी घरचे धान्य कुणाच्या मर्जीवर अडकू नये, म्हणून ही तरतूद आहे. मात्र आजही अनेक घरांत कार्ड पुरुषाच्या खिशात असते आणि ज्या बाईचे नाव सर्वांत वर छापलेले आहे, तिला ते माहीत नसते.

केशरी कार्डाचा धडा

हक्क आणि योजना यांतला फरक आपल्या जिल्ह्याने अगदी जवळून पाहिला आहे.

अन्न सुरक्षा कायद्यात न बसलेली, केशरी कार्ड असलेली शेतकरी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. राज्य सरकारने 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे होरपळलेल्या 14 जिल्ह्यांतील अशा कुटुंबांनाही माणशी 5 किलो धान्य 2 आणि 3 रुपये किलोने द्यायचे ठरवले. मराठवाड्यातले आठही जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, असे हे 14 जिल्हे. घरात गहू-तांदूळ येऊ लागले, हाताला जरा उसंत मिळाली.

2022 मध्ये केंद्राकडून या योजनेसाठी मिळणारे धान्य थांबले. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्याने नवा निर्णय घेतला: धान्याऐवजी दरमहा माणशी 150 रुपये बँक खात्यात. 2024 मध्ये त्याचे 170 रुपये झाले. 170 ला 5 ने भागले तर किलोला 34 रुपये होतात. बाजारात गहू आणि तांदूळ कोणत्या भावाने मिळतो, हे घर चालवणाऱ्या बहिणींना सांगायला नको. भाव वाढला तरी ही रक्कम आपोआप वाढत नाही. खाते आधारशी जोडलेले नसेल किंवा बंद पडले असेल तर तीही पोचत नाही. शिवाय पिठाच्या डब्यात पडलेला गहू चुलीपर्यंतच जातो. खात्यातले पैसे मोबाइलच्या रिचार्जलाही जातात आणि औषधालाही.

ज्यांच्याकडे सातबारा नाही असे मजूर, फेरीवाले, गॅरेजवाले, शिलाईकाम करणारे केशरी कार्डधारक या योजनेत आधीही नव्हते आणि आताही नाहीत. आपल्या मोहल्ल्यात अशीच घरे जास्त आहेत.

प्राधान्य कुटुंबांचे माणशी 5 किलो मात्र या काळात कुणाला काढून घेता आले नाही. कारण एकच: एक गोष्ट शासन निर्णयावर उभी होती आणि दुसरी कायद्यावर.

असाच अनुभव शाळेत आला. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने मुलांना आठवड्यातून एक अंडे द्यायला सुरुवात केली. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा थांबला आणि शाळांनी लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे ठरले. जिथे पालकांच्याच घरी अंडे महाग, तिथे लोकसहभाग कुठून येणार? आनंदाचा शिधाही असाच. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत साखर, रवा, चणाडाळ आणि तेल मिळाले, पुढे आणखी काही सणांना मिळाले आणि नंतर थांबले. योजना वाईट नसतात. त्यांच्या भरवशावर घर उभे करता येत नाही, इतकेच.

दुष्काळ आला तर?

या कायद्यात आपल्या जिल्ह्याने डोळे उघडे ठेवून वाचावे असे आणखी एक कलम आहे, 44 वे. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ किंवा भूकंप यांमुळे धान्याचा नियमित पुरवठा बिघडला तर त्यासाठी सरकारवर दावा करता येणार नाही, असे ते म्हणते. अशी परिस्थिती आहे की नाही, हे जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.

दुष्काळ आपल्याकडे दर काही वर्षांनी येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातली गावेही उद्ध्वस्त झाली. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूम भागाने पूर पाहिला. म्हणजे अन्नाची गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवसांत हक्काला सूट मिळू शकते.

यावर 2016 मध्ये एक मोठा आदेश झाला. मराठवाडा तेव्हा सलग दुष्काळात होता आणि लातूरला रेल्वेने पाणी येत होते. स्वराज अभियानच्या याचिकेवर 13 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह दुष्काळग्रस्त राज्यांना बजावले की अन्न सुरक्षा कायदा अमलात आणा. दुष्काळी भागात रेशन कार्ड नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका. उन्हाळी सुट्टीतही मुलांना शाळेत जेवण द्या आणि त्यात अंडी किंवा दूध ठेवा. पुढे कधी दुष्काळ जाहीर झाला आणि मे महिन्यात शाळेची चूल बंद दिसली, तर हा आदेश आठवावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.

पोट भरणे आणि पुरेसे अन्न

महिन्याला 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. कष्ट करणाऱ्या माणसाचे एवढ्यावर भागत नाही. बाकीचे धान्य, डाळ, तेल आणि भाजी विकतच घ्यावी लागते. भारत 1979 मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, त्याच्या 11 व्या कलमात पुरेशा अन्नाचा हक्क सांगितला आहे. पुरेसे म्हणजे पोट भरेल, अंगी लागेल आणि आपल्या खाण्याच्या रीतीला धरून असेल असे.

आपली रीत ज्वारीची. शाळूची भाकरी, तुरीची किंवा उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि जमेल तेव्हा गोश्त. या जिल्ह्याच्या नावाची उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते. मालदांडी ज्वारीचे घर शेजारच्या सोलापूर भागात आहे. पण शेतात सोयाबीन आणि ऊस वाढत गेले, ज्वारीचे क्षेत्र मागे हटले आणि दुकानात बहुतेक गहू-तांदूळच आले. सोयाबीन शेतातून थेट बाजारात जाते, आपल्या ताटात येत नाही. डाळ पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाच्या ताटात डाळ पातळ असते. 2018 मध्ये केंद्राने देशातले 112 आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि उस्मानाबाद त्यांतले एक होते. आरोग्य आणि पोषण हा त्या निवडीतला मोठा निकष होता.

भरडधान्य देण्याची सोय कायद्यातच आहे. राज्याने इथली ज्वारी इथेच खरेदी करून इथल्याच रेशन दुकानांत दिली तर शेतकऱ्याला भाव मिळेल आणि घराला भाकरी. ही मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येते.

नाव नाही तर वाटा नाही

आता सर्वांत कडू गोष्ट. हक्क कायद्यात असला तरी तो कार्डावरच्या नावापर्यंतच पोचतो, आणि नावांची संख्या बांधलेली आहे. तिला सरकारी भाषेत इष्टांक म्हणतात. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे 7 कोटी माणसांचा आहे. तो 2011 च्या जनगणनेवरून ठरला. त्यात ग्रामीण भागातली 76.32 टक्के आणि शहरी भागातली 45.34 टक्के लोकसंख्या धरली आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आज सातवी-आठवीत आहेत, पण आकडा तोच आहे. उत्पन्नाची मर्यादाही तीच: गावात वर्षाला 44 हजार, शहरात 59 हजार. 44 हजारांना 12 ने भागले तर महिन्याला 3,667 रुपये होतात. आज एखादी शेतमजूर बाईसुद्धा त्या रेषेबाहेर जाऊ शकते.

म्हणून नवे नाव चढवायला गेले की "इष्टांक शिल्लक नाही" असे उत्तर मिळते. जनगणना नव्याने झाली की हा आकडा बदलायला हवा आणि त्यासाठी आतापासून आवाज उठवायला हवा. पण एक गोष्ट आपल्याच हातात आहे. ज्यांच्या घरी पक्की नोकरी आहे, धंदा बरा चालतो, गाडी दारात उभी आहे, त्यांनी आपली नावे स्वतःहून काढून घ्यावीत. मयत माणसांची आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावेही वेळेवर कमी करावीत. अशा प्रत्येक नावाच्या जागी एखाद्या बेवा बहिणीच्या लेकराचे नाव बसू शकते. जो वाटा आपला नाही तो आपल्या दस्तरखानावर का यावा?

या महिन्यात घरी एवढे करा

पहिले, रेशन कार्ड काढा आणि मोठ्याने वाचा. कार्ड अंत्योदय, प्राधान्य की केशरी? किती नावे आहेत? कुटुंबप्रमुख म्हणून कोण आहे? घरातल्या आठवीच्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्या.

दुसरे, ज्यांचे नाव नाही त्यांचा अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात द्या. बाळासाठी जन्माचा दाखला आणि आधार, सुनेसाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. ई-केवायसी राहिली असेल तर ती लगेच करा.

तिसरे, अंगठा दिल्यावर ई-पॉस मशीनची पावती मागून घ्या. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळवा. वृद्धांचे ठसे उमटत नसतील तर तेवढ्या कारणाने धान्य नाकारू नये, असे केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे.

चौथे, ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी धान्य बुडवू नये. एक देश एक रेशन कार्ड या सोयीमुळे जिथे असाल तिथल्या दुकानात आपला वाटा घेता येतो.

पाचवे, घरात कुणी गरोदर असेल तर अंगणवाडीत नोंद लवकर करा. आहार आणि मातृत्वाचे पैसे या दोन्हींची सुरुवात तिथूनच होते.

सहावे, तक्रार तोंडी करू नका. आधी 1967 या हेल्पलाइनवर नोंदवा, मग लेखी अर्ज द्या. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग ठेवला आहे. हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही आहे. दुकानाच्या दक्षता समितीत बायकांना जागा असते. मोहल्ल्यातली एखादी शिकलेली मुलगी त्या समितीवर गेली, तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

रमजानमध्ये आपण कुठे कुणाच्या घरी चूल पेटली नाही, याची चौकशी करून किराणा पोचवतो. ती रीत चालू राहिलीच पाहिजे. त्याच यादीसमोर यंदा आणखी एक रकाना ओढावा: या घराचे रेशन कार्ड आहे का, आणि त्यात किती नावे आहेत? मशिदीच्या कमिटीने, महिला बचत गटाने किंवा शाळेतल्या दोन शिक्षकांनी एक रविवार बसून पंधरा अर्ज भरून दिले, तर किराण्याची पिशवी महिनाभर पुरते आणि कार्डावर चढलेले नाव वर्षानुवर्षे. पुढच्या वेळी दुकानात कुणी "जितना दिये उतना लेलो" म्हणाले, तर अदबीने सांगा: "भाईजान, पावती दीजिए, हमारे घर में छह नाम हैं. तीस किलो होते हैं."